टायटल वनचा पैसा: मागे पडलेल्या मुलांची वेगळी शिकवणी, की सबंध शाळेचा आराखडा?

पायरी (धागालेखिका)

न्यू जर्सीतल्या ज्या सार्वजनिक प्राथमिक शाळेत माझी मुलगी तिसरीत शिकते, त्या शाळेपुढे या वर्षी एक मोठा निर्णय आहे. पालकांची प्रतिनिधी म्हणून मी त्यासाठी नेमलेल्या समितीवर आहे. माझे मत मांडून इथल्या पालकांचे आणि शिक्षकांचे म्हणणे ऐकावे, यासाठी हा धागा काढते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली, ती टेक्सासात, लहानपणी ते ज्या शाळेत शिकले होते तिच्या आवारात, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून. त्या कायद्याचा पहिला भाग म्हणजे टायटल वन. गरीब घरांतली मुले ज्या शाळांत जास्त आहेत त्यांच्यासाठी फेडरल सरकार यातून वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर देते. शाळेचा वाटा गरिबीच्या प्रमाणावर ठरतो. मात्र शाळा निवडक मुलांसाठी योजना चालवत असेल, तर मदत कोणत्या मुलाला द्यायची हे घरच्या उत्पन्नावरून ठरत नाही, अभ्यासात कोण मागे पडले आहे त्यावरून ठरते. आमची शाळा आजवर अशीच योजना चालवत आली आहे. आता गरीब मुलांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे गेल्यामुळे 'स्कूलवाइड' होण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. तसे झाल्यास पैसा ठरावीक मुलांशी बांधलेला राहणार नाही आणि तो सबंध शाळेच्या सुधारणेवर खर्च करता येईल. त्यासाठी आधी गरजांची सर्वांगीण पाहणी करायची आणि साधारण वर्षभरात शिक्षक व पालकांना बरोबर घेऊन आराखडा तयार करायचा, असे कायदा सांगतो.

माझा या बदलाला विरोध आहे, आणि त्याचे कारण मी दर गुरुवारी डोळ्यांनी पाहते. त्या दिवशी मी पहिलीच्या मुलांचे वाचन ऐकायला शाळेत जाते. सप्टेंबरमध्ये त्यांतला एक मुलगा शब्दाचे पहिले अक्षर पाहून नजर थेट चित्राकडे नेत असे आणि तिथे जे दिसेल ते 'वाचत' असे. टायटल वनच्या पैशांतून नेमलेल्या वाचनाच्या बाई त्याला इतर तिघांबरोबर रोज अर्धा तास वेगळे शिकवत होत्या. मार्च महिन्यात त्याने माझ्यासमोर पुस्तक उघडले, स्वतःच्याच डाव्या हाताने चित्र झाकले आणि उजव्या हाताचे बोट एकेका अक्षराखाली सरकवत पूर्ण वाक्य वाचले. चित्र झाकायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

स्कूलवाइड आराखड्याच्या कच्च्या मसुद्यात अशा दोन बाईंच्या जागी एकच बाई आहे. उरलेल्या पैशांतून सगळ्या वर्गांसाठी वाचनाचे सॉफ्टवेअर, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि एक समुपदेशक असा बेत आहे. यांतली एकही गोष्ट वाईट नाही. परंतु ज्या मुलाच्या गरजेपोटी हा पैसा आला, त्याच्या वाट्याचा अर्धा तास त्यातून कमी होतो आहे. असे पूर्वीही घडलेले आहे. हा पैसा कितीतरी ठिकाणी शाळांचे नेहमीचे खर्च भागवण्यात जिरतो आहे, हे १९६९ साली नागरी हक्क संघटनांनी काढलेल्या एका अहवालाने उघड केले आणि त्यानंतर नियम कडक झाले. स्कूलवाइड होण्याची मुभा १९८८च्या कायद्यात ७५ टक्के गरिबी असलेल्या शाळांना होती. १९९४च्या कायद्याने ती मर्यादा ५० टक्क्यांवर आणली आणि २००२मध्ये लागू झालेल्या कायद्याने ४० टक्क्यांवर. ज्या शाळेत जवळजवळ सगळीच मुले गरीब आहेत, तिथे निवड करत बसण्यात अर्थ नाही हे मला मान्य आहे. आमच्या शाळेत मात्र गरीब मुले निम्म्याहून कमी आहेत.

रानजाई

मी चौदा वर्षे दुसरीच्या वर्गाला शिकवले आहे आणि दोन्ही प्रकारच्या शाळांत काम केले आहे. पायरी यांची कळकळ मला पूर्ण समजते. तरीही त्यांनी जो अर्धा तास पाहिला तो त्या छोट्या खोलीतला आहे. त्याच अर्ध्या तासात वर्गात काय चालते, ते मी सांगते.

माझ्या वर्गातली पाच मुले रोज दहा वाजून वीस मिनिटांनी उठून बाहेर जात. ती वेळ विज्ञानाची होती. एकदा चुंबकाचा धडा चालू असताना त्यांतली एक मुलगी परत आली. सगळ्यांच्या बाकांवर टाचण्या आणि लोखंडाचा कीस पसरलेला होता, आणि प्रयोग संपत आला होता. तिने काहीच विचारले नाही. शेजारच्या मुलीच्या वहीतले चित्र तिने तसेच्या तसे उतरवून घेतले. पुढे वाचनाच्या चाचणीत तिची गती वाढली, पण चुंबकावरचा उतारा समोर आला तेव्हा त्यातले शब्द वाचता येऊनही तिला अर्थ लागेना. वाचन म्हणजे केवळ अक्षरे जोडणे नाही. ज्या विषयावरचे वाचायचे, त्याची थोडी तरी ओळख आधी असावी लागते, आणि नेमकी तीच ओळख आम्ही तिच्याकडून रोज काढून घेत होतो.

दुसरी गोष्ट यादीची. माझ्या २४ मुलांपैकी अकरा जण मागे होते आणि वाचनाच्या बाईंकडे जागा पाचच मुलांना होती. राहिलेल्या सहा जणांसाठी त्या योजनेत काहीच नव्हते. निम्मा वर्ग मागे असतो तेव्हा दोष मुलांत नसून वर्गातल्या मूळ शिकवण्यात असतो, आणि ते शिकवणे सुधारायचे तर शिक्षकांचे प्रशिक्षण लागते. मसुद्यातल्या ज्या गोष्टींना तुम्ही वरखर्च मानता आहात, त्यांतली ही एक मला सर्वांत मोलाची वाटते.

चौकट

रानजाई यांचा अनुभव मोलाचा आहे, परंतु मला पैशाच्या बाजूने बोलायचे आहे, कारण हिशेब तपासणे हाच माझा व्यवसाय आहे. टायटल वनचा मूळ दंडक असा की, हा पैसा राज्याच्या आणि स्थानिक पैशांत भर घालण्यासाठी आहे, त्यांच्या जागी वापरण्यासाठी नाही. २०१५च्या कायद्यानंतर डिस्ट्रिक्टने (म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) एवढेच दाखवायचे असते की आपण शाळांना स्थानिक निधी ज्या पद्धतीने वाटतो, त्यात टायटल वनची शाळा म्हणून कोणाचा वाटा कापलेला नाही. प्रत्येक खर्च स्वतंत्रपणे 'जादाचा' आहे हे दाखवण्याची सक्ती आता राहिलेली नाही. त्यामुळे आराखड्यात जे स्पष्ट शब्दांत लिहिलेले नसेल, त्याचा माग पालकांना नंतर काढता येत नाही. पायरी यांची भीती मला म्हणूनच रास्त वाटते.

वेगळ्या शिकवणीचा उपयोग होतो का, याचा एक भक्कम पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी उपक्रम चालवला होता. वस्तीतली एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची शास्त्रशुद्ध तपासणी करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि ती वाढ मुख्यतः तळाच्या मुलांमध्ये होती. उरलेल्या मुलांचा वर्ग तेवढ्या वेळापुरता लहान झाला होता, पण त्यांना त्याचा लाभ झालेला दिसला नाही. मदत थेट ज्या मुलाला मिळाली त्याचाच फायदा झाला, हे यातून दिसते.

मुक्कामपोस्ट

मी ज्या बाजूने लिहितो आहे तिचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. माझ्या मुलाच्या वर्गातला त्याचा जिवलग मित्र एका खोलीत पाच जण राहणाऱ्या कुटुंबातला आहे, आणि गणितात तो वर्गात पहिला आहे. निवडक योजनेत त्याला काहीही मिळत नाही, कारण तो मागे पडलेला नाही. त्याच्या घरी पुस्तके नाहीत, शिकवणी लावण्याची ऐपत नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत तो धाकट्या भावंडांना सांभाळतो. त्याने आधी मागे पडावे आणि मगच मदतीला पात्र व्हावे, ही रीत मला पटत नाही. स्कूलवाइड आराखड्यात अशा मुलासाठी शाळा सुटल्यानंतरचा गणिताचा वर्ग घालता येतो. केवळ याच कारणासाठी मी त्या बाजूला आहे.

सांजवेळ

तुम्ही सगळे ४० टक्के या आकड्यापासून सुरुवात करता आहात. मला त्या आकड्याच्याही मागे जायचे आहे, कारण तो आपल्यासारख्या घरांतून तयार होतो.

बहुतेक डिस्ट्रिक्ट गरिबीचे प्रमाण मोफत किंवा सवलतीच्या दुपारच्या जेवणाला पात्र असलेल्या मुलांवरून मोजतात. कुटुंबाचे उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, आणि १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. काही शाळांत आता सर्वांनाच मोफत जेवण मिळते आणि मोजणी सरकारी मदतीच्या नोंदींवरून होते. जिथे तसे नाही, तिथे सगळे काही घरून भरून आलेल्या अर्जावर अवलंबून असते.

२००९ साली माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. मुलगी तेव्हा पहिलीत होती. शाळेतून आलेला तो अर्ज दोन आठवडे फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता आणि येता-जाता माझी नजर त्यावर पडत होती. आम्ही तो भरला नाही. आपल्या घरात कधी कोणी असे मागितलेले नाही, आपल्या ओळखीतल्या कोणाला कळले तर काय, असे आम्ही दोघे एकमेकांना सांगत राहिलो. मी सकाळी डबा करून देत होते, त्यामुळे मुलीचे जेवणावाचून अडले नाही. त्या अर्जावर केवळ जेवण नाही तर शाळेचा निधीही ठरतो, हे मला कित्येक वर्षांनी एका शिक्षिकेने सांगितले. तेव्हा लक्षात आले की, आम्ही आमची लाज सांभाळली आणि त्या शाळेतल्या गरीब मुलांच्या मोजणीत एक मूल कमी लागले.

समितीने पैसा कसाही खर्च करावा, परंतु अर्जाविषयी पालकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचे काम आराखड्यात असलेच पाहिजे. ज्या डिस्ट्रिक्टला टायटल वनचे पाच लाख डॉलरपेक्षा जास्त मिळतात, त्याला त्यातला किमान एक टक्का कुटुंबांच्या सहभागासाठी राखून ठेवावा लागतो, आणि तो कसा खर्चायचा यात पालकांचे मत घ्यावे लागते. आपल्यापैकी किती जण शाळेतल्या टायटल वनच्या वार्षिक सभेला जातात?

रानजाई

सांजवेळ, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. माझ्या वर्गातली किती घरे तुमच्यासारखीच गप्प राहिली असतील, असा विचार मनात आला.

चौकट यांनी सांगितलेली बालसखीची तपासणी मला माहीत आहे, आणि मी ती अमान्य करत नाही. परंतु त्या पालिका शाळांत मागे पडलेले मूल वर्गात बसून राहिले असते तरी त्याच्या पदरात फारसे पडत नव्हते. आमच्या शाळांत बाहेर गेलेले मूल काही तरी गमावते. शिवाय त्या उपक्रमातला खरा गाभा मुलांना बाहेर नेण्यात नसून, मूल ज्या पायरीवर आहे तिथून शिकवण्यात होता. हे स्कूलवाइड शाळेत जास्त चांगले करता येते. मी शेवटची पाच वर्षे जिथे शिकवले, तिथे दुसरीच्या तिन्ही वर्गांची वाचनाची वेळ एकच होती. त्या चाळीस मिनिटांसाठी सगळीच मुले आपापल्या पातळीनुसार खोल्या बदलत आणि सर्वांत लहान गट वाचनाच्या बाईंकडे असे. सगळेच उठत असल्यामुळे कोण का उठला, हे कोणी कोणाला विचारत नसे, आणि विज्ञानाचा तासही कोणाचा बुडत नसे.

वर्ग लहान झाल्याने लाभ होत नाही, असा सरसकट निष्कर्षही काढू नये. टेनेसी राज्यात १९८५पासून चार वर्षे चाललेल्या स्टार प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांतली मुले मोठ्या वर्गांतल्या मुलांपेक्षा पुढे गेली, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना त्याचा लाभ अधिक झाला.

चौकट

त्या प्रयोगात लहान वर्ग दिवसभर आणि वर्षानुवर्षे लहान होते. एका शाळेच्या टायटल वनच्या वाट्यातून तेवढे शिक्षक नेमता येणार नाहीत, म्हणून आपल्या निर्णयाला तो आधार पुरत नाही. पातळीनुसार खोल्या बदलण्याची पद्धत मात्र मला पटली. अट एकच. सर्वांत लहान गट कोण शिकवणार आणि तो किती मुलांचा असणार, हे आराखड्यात आकड्यांसह लिहिलेले असावे.

पायरी

चुंबकाचा धडा वाचल्यावर मी काल आमच्या वाचनाच्या बाईंना विचारले की, तो मुलगा त्या अर्ध्या तासात वर्गातले काय चुकवतो. त्यांनी वेळापत्रक काढून पाहिले. आठवड्यातले दोन दिवस विज्ञान आणि एक दिवस संगीत. वर्षभर दर गुरुवारी शाळेत जाऊनही मी हे कधी विचारले नव्हते.

स्कूलवाइडला असलेला माझा सरसकट विरोध मी मागे घेते. दुसऱ्या बाईंची जागा काढण्याला मात्र माझा विरोध कायम आहे, आणि सॉफ्टवेअरच्या ओळीलाही, कारण तळाच्या गटाशेजारी बसणाऱ्या माणसाचे काम सॉफ्टवेअर करू शकेल असे मला वाटत नाही. मुक्कामपोस्ट यांनी सुचवलेला गणिताचा वर्ग त्या पैशांत बसतो का, हे मी विचारणार आहे. अर्ज भरण्यासाठी स्पॅनिश, गुजराती आणि मराठीत संध्याकाळची मदत द्यावी, हेही मांडणार आहे, आणि मराठीचे काम मी स्वतः करीन.

समितीची पुढची बैठक मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला आहे. आराखड्यात घालण्यासाठी मी हे वाक्य लिहिले आहे: "पहिली ते तिसरीच्या वाचनाच्या वेळेत सर्वांत मागे असलेल्या गटात चारपेक्षा जास्त मुले नसतील, हा गट प्रशिक्षित वाचन-शिक्षकच शिकवतील, आणि या वेळेसाठी कोणत्याही मुलाचा विज्ञान, संगीत किंवा कलेचा तास घेतला जाणार नाही." रानजाई, चारचा आकडा प्रत्यक्षात सांभाळता येण्यासारखा आहे का? की तो पाच करावा? सोमवारपर्यंत कळवाल का?

रानजाई

पहिलीला चारच ठेवा. दुसरी-तिसरीला पाच चालतील. आणि 'शिकवतील' याच्या आधी 'रोज' हा शब्द घाला, कारण तो लिहिलेला नसेल तर बदली शिक्षक मिळाले नाहीत त्या दिवशी सर्वांत आधी याच बाईंना दुसऱ्या वर्गावर पाठवले जाते.