क्लेबसिएलाच्या प्रतिरोधात एकदम वाढ दिसते, कोणती चाचणी लावावी? मदत हवी आहे

रानजाई: मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी करत असून प्रबंधासाठी आमच्या रुग्णालयातील क्लेबसिएला न्यूमोनिए या जंतूच्या प्रतिजैविक-प्रतिरोधाचे 2017 ते 2024 या काळातील आकडे एकत्र केले आहेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) आणि अमिकासिन या प्रतिजैविकांच्या आलेखांत मध्येच मोठी उडी दिसते, मेरोपेनेम या प्रतिजैविकाचा प्रतिरोध मात्र सावकाश वाढत गेला आहे. ही वाढ सिद्ध करण्यासाठी कोणती सांख्यिकी चाचणी लावावी, एवढेच सांगावे. प्रबंध याच महिन्यात द्यायचा आहे.

सह्यकडा: चाचणीचे नंतर पाहू. प्रत्येक रुग्णाचे वर्षातील पहिलेच कल्चर (नमुन्यातून वाढवलेला जंतू) धरले आहे का? आयसीयूत महिनाभर असलेल्या एकाच रुग्णाचा तोच जंतू लघवी, रक्त आणि थुंकीतून पुन्हापुन्हा मोजला गेला, तर प्रतिरोध उगाच फुगतो.

रानजाई: पहिलेच धरले आहे आणि दरवर्षीचे नमुने 30 पेक्षा बरेच जास्त आहेत. चाचणीचे सांगता का?

निळाई: उडी कोणत्या वर्षी आहे? सीएलएसआय या चाचणी-मानके ठरवणाऱ्या संस्थेने सिप्रोची संवेदनशीलतेची मर्यादा (एवढ्या औषधाने जंतूची वाढ थांबली तर तो संवेदनशील) 2019 मध्ये 1 वरून 0.25 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरवर आणि अमिकासिनची 2023 मध्ये 16 वरून 4 वर आणली. सिप्रोच्या चकतीभोवती 23 मिलिमीटरचा झोन (जंतू न वाढलेले वर्तुळ) देणारा जंतू जुन्या मर्यादांच्या तक्त्यात संवेदनशील ठरत होता, नव्यात तो मध्यम ठरतो; म्हणजे जंतू न बदलताही आलेखात उडी दिसू शकते. तुम्ही मध्यम आणि प्रतिरोधी एकत्र मोजले आहेत का? मेरोपेनेमची मर्यादा 2010 नंतर बदललेली नाही, त्यामुळे त्या आलेखावर अधिक विश्वास ठेवता येईल.

अतिदक्षता: हा काथ्याकूट कागदावरचा आहे. मेरोपेनेम निकामी झाल्यावर आम्ही कोलिस्टिन या शेवटच्या पर्यायाच्या प्रतिजैविकावर येतो आणि रुग्णाची मूत्रपिंडे पणाला लागतात, ही वाढ खरीच आहे.

निळाई: मेरोपेनेमबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, पण प्रश्न सिप्रो आणि अमिकासिनचा आहे.



रानजाई: मध्यम आणि प्रतिरोधी एकत्रच मोजले आहेत. सिप्रोची उडी 2020 मध्ये आहे, अमिकासिनची 2024 मध्ये. प्रयोगशाळेने नवे तक्ते कधी लावले, याची नोंद सापडत नाही.

सह्यकडा: मग झोनचे मूळ मिलिमीटर शोधा, ते व्होनेट या प्रतिरोधाच्या नोंदींच्या संगणक-प्रणालीत भरा आणि आठही वर्षांना एकच तक्ता लावा. यंत्राने नुसते "1 किंवा कमी" असे छापले असेल, तर तो जंतू नव्या मर्यादेत बसतो की नाही हे कळणार नाही. सिप्रोसाठी ते नमुने वेगळे काढा. एवढे करूनही चढ राहिला, तर वर्षनिहाय प्रमाणांतील चढाचा कल तपासणारी कॉक्रन-आर्मिटेज चाचणी लावा.