सहलीच्या शेवटी पाहिलेलं युद्ध संग्रहालय : तुमचे अनुभव लिहा

व्हिएतनामहून परत येऊन तीन आठवडे झाले. हा लाँग खाडीतली बोट, होई आनचे कंदील, हनोईची अंड्याची कॉफी, सगळं सगळ्यांना सांगून झालं. शेवटच्या दुपारबद्दल मात्र मी घरातही नीट बोललेले नाही. म्हणून हा धागा.

विमान रात्रीचं होतं. हो चि मिन्ह सिटीत चार तास हाताशी होते, तर 'वॉर रेम्नंट्स म्युझियम' उरकून टाकू असं ठरलं. अंगणात अमेरिकी रणगाडे, हेलिकॉप्टर. लोक फोटो काढत होते, आम्हीही काढले. आत गेल्यावर फोन पर्समध्ये गेला तो गेलाच.

माय लाय गावात १६ मार्च १९६८ या एका दिवसात मारली गेलेली ५०४ माणसं. त्यात तान्ही मुलंही होती. पुढे एजंट ऑरेंजचं दालन. झाडांचा आडोसा राहू नये म्हणून अमेरिकी विमानांनी १९६२ ते १९७१ या काळात सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली, त्यांतलं सर्वात जास्त वापरलेलं हे. त्यात डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन होतं. भिंतीवर युद्ध संपल्यानंतर जन्मलेल्या मुलांचे फोटो आहेत. हात नाहीत, डोळे नाहीत. बंदुका थांबल्यावर युद्ध संपतं असं मी धरून चालले होते.

नऊ वर्षांच्या मुलीला मी त्या दालनात न्यायला नको होतं. लगेच बाहेर आणलं, पण तिने पाहिलं ते पाहिलंच. अंगणात बसल्यावर म्हणाली, "आई, मघाचा रणगाड्यासमोरचा फोटो काढून टाक." टाकला.

तुम्ही असं काही पाहिलंय का? मुलं बरोबर होती का? नंतर काय केलंत? सविस्तर लिहा, घाई नाही.

*

जपानच्या सहलीत हिरोशिमा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आकडे माहीत होते : ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ, वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार मृत्यू. आकड्यांनी मला काही झालं नाही. मला थांबवलं ते एका डब्याने. तेरा वर्षांचा शाळकरी मुलगा, त्याला आईने भरून दिलेला डबा. मुलगा सापडला तोही आईलाच, आणि डबा त्याच्या पोटाखाली होता. आतलं अन्न तसंच, जळून कोळसा झालेलं. मी वीस वर्षं रोज सकाळी डबे भरले आहेत. झाकण लावताना हाताला काय वाटतं ते मला माहीत आहे. काचेपुढून हलवेना, शेवटी यजमानांनी हाताला धरून पुढे नेलं.

तिथेच एक तीनचाकी सायकल आहे. चार वर्षंही पुरी न झालेल्या मुलाची. वडिलांनी ती मुलाबरोबर अंगणात पुरली, चाळीस वर्षांनी उकरून काढली आणि संग्रहालयाला दिली. चाळीस वर्षं ते त्याच अंगणातून ये-जा करत असतील, हे राहून राहून मनात येतं.

मुलीबद्दल : तिच्याशी बोलत राहा, ती विचारेल तेवढंच सांगा.

*

सायगावच्या, म्हणजे हो चि मिन्ह सिटीच्या, त्याच संग्रहालयात मी वरच्या मजल्यावर अडकलो. युद्धात मेलेल्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रकारांनी काढलेली छायाचित्रं तिथे आहेत. रॉबर्ट कापा १९५४ मध्ये व्हिएतनाममध्येच सुरुंगावर पाय पडून गेला. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात फोटो निवडण्याचं काम केलं. 'चांगला फोटो आहे' हे वाक्य त्या दिवशी तोंडातून निघालं नाही.

*

बेल्जियममध्ये शेवटच्या दिवशी ब्रुज सोडून ईपरला गेलो. फ्लँडर्सच्या पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय पाहिलं आणि संध्याकाळी मेनिन गेटखाली उभे राहिलो. देह न सापडलेल्या ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्या भिंतींवर कोरली आहेत. मान वर करून वाचता वाचता इंग्रजी नावं संपली आणि बलुची पलटणीतली आपल्याकडची नावं सुरू झाली. हवालदार, नाईक, शिपाई. ऑक्टोबर १९१४ मध्ये ही माणसं या चिखलात उतरली होती. आठ वाजता बिगूल वाजला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी खुणेनेच विचारलं, तुमचं कोणी? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.