पगार अडकलाय, तरी उपकार मानायचे?

काका: सुप्रभात सगळ्यांना. आजचं वचन बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४ मधलं. येशूचा प्रेषित पौल म्हणतो, ज्या स्थितीत मी आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. आणि हे त्याने कैदेतून लिहिलं! आपल्याला देवाने किती दिलंय.

वहिनी: आमेन काका. पण आज हे वचन टोचलं. माझा पगार किती दिवस अडकलाय ते घरात सगळ्यांना माहीत आहे. लेखी तक्रार करायचं ठरवलं, तर प्रार्थनासभेतल्या एकजणी म्हणाल्या, 'आहे त्यात समाधान मान, कुरकुर करू नकोस.' रात्रभर तेच डोक्यात. स्वतःच्या कामाचे पैसे मागणं म्हणजे देवाशी कृतघ्न होणं का?

काका: कृतघ्न मुळीच नाही. पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही शिपायांना आपल्या पगारात तृप्त राहा असं सांगितलंय ना? लूक ३:१४.

दादा: काका, त्याच वचनात आधी काय आहे बघा. धाक दाखवून कोणाचे पैसे उकळू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका. ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांना योहान तृप्त राहायला सांगतोय. ज्यांची मजुरी अडवून ठेवलीय त्यांच्यासाठी याकोब ५:४ वाचा. ती मजुरीच ओरडते आणि ती आरोळी देवाच्या कानी जाते.

काका: हे पटलं.

आत्या: मलाही बोलायचंय, जरा लांबेल. ज्या फिलिप्पै गावाला पौलाने ते पत्र लिहिलं, तिथेच त्याला आणि त्याचा सोबती सीला याला छड्यांनी मारून तुरुंगात टाकलं होतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. पाय खोड्यात अडकवलेले, आणि मध्यरात्री दोघं गाणी गाऊन देवाची स्तुती करत होते. एवढं आपण सगळे सांगतो. सकाळचं मात्र कोणी सांगत नाही! अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, यांना सोडून द्या. पौल जागचा हलला नाही. म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवण्या केल्या. रात्री स्तुती करणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच होता, बाळा. त्यामुळे संतुष्ट राहायला शिकलो असं तो म्हणतो तेव्हा अन्याय गिळायला शिकलो असा अर्थ मी तरी कधीच घेणार नाही.

मी: आणि त्याच अध्यायात, ४:६ मध्ये, आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा असं आहे. आभार मानले म्हणून मागणी सोडायची नाही.

वहिनी: आत्या, डोळे भरून आले. पण खरं सांगू? आत्ता आभार मानायला तोंड उघडत नाही. ज्यांना पगार मिळाला त्यांच्याकडे बघवत नाही मला. तक्रारीपेक्षा या कडवटपणाचीच जास्त भीती वाटते.

आत्या: हे गेले त्या वर्षी माझंही तसंच झालं होतं. उपकारस्तुतीच्या वेळी मी नुसती बसून राहायचे. तेव्हा स्तोत्र १३ हाताशी होतं. सहाच वचनं आहेत. सुरुवातीलाच 'किती वेळ?' असं चारदा देवाला विचारलंय, आणि शेवटी गाणं. मी कितीतरी दिवस पहिल्या दोन वचनांपुढे गेलेच नाही. देवाने तेही ऐकून घेतलं. तू तिथूनच सुरू कर. ज्यांना मिळालंय त्यांच्या घरासाठीही एक ओळ म्हणत जा, जमेल तेव्हा. कडवटपणा एका दिवसात जात नाही. पौलसुद्धा शिकलो म्हणतो, आपोआप आलं असं नाही म्हणत.

दादा: अर्ज मी आणि ही मिळून लिहितोय. काका, तुम्ही नजर टाकाल का? तुमचा हात चांगला आहे.

काका: आजच पाठवा. कुठल्या तारखेपासून पगार नाही, कोणाला किती वेळा विचारलं, सगळं स्पष्ट लिहा. आणि जे पगार देणार आहेत त्यांच्यासाठीही आज संध्याकाळी प्रार्थना करू.

वहिनी: पाठवते काका. त्यात दोन वाक्यं रागाची आहेत. काढू का?

काका: खरी असतील तर राहू दे.