आनापानात पेंग येते, मदत हवी आहे

रत्नागिरीजवळच्या आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज पहाटे 5 ला पाऊण तास आनापान (येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान) करतो. पहिली 15 मिनिटं श्वास नाकपुड्यांपाशी स्पष्ट कळतो. मग तो इतका बारीक होतो की सापडत नाही, आणि मान खाली जाते. बहुतेकांचं हेच.

झोप पुरेशी होते, रात्री हलकं, पेजभात. खिडक्या उघडल्या की झड आत येते, लावल्या की कोंदट होतं. पत्र्यावरच्या पावसाच्या एकसुरी आवाजानेही गुंगी येत असावी. वेळ बदलता येत नाही, पुढे भाताची लावणी असते.

बुद्धांनी त्यांचे शिष्य मोग्गलान यांना पेंगेवर सांगितलेल्या उपायांपैकी पाठ म्हणणं, कान ओढणं, अंग चोळणं, डोळ्यांना पाणी लावणं, आलोकसंज्ञा (मनात उजेडाची कल्पना धरणं), चंक्रमण (चालत ध्यान), सगळं झालं. चंक्रमणाने लगेच तरतरी येते (ओसरीवर जेमतेम 12 पावलं मिळतात), पण बसल्यावर 10 मिनिटांत पुन्हा तेच.

अग्गिसुत्तात (बुद्धांच्या एका उपदेशात) मन सुस्त असताना पस्सद्धी (शांतता), समाधी (एकाग्रता), उपेक्खा (समभाव) नको, धम्मविचय (धम्माचं परीक्षण), विरिय (उत्साह), पीती (आनंद) वाढवा असं आहे. ते आनापानात नेमकं कसं करायचं? श्वास हरवला की पुन्हा श्वासांच्या मोजणीवर यायचं, की श्वास सोडून बुद्धानुस्सती (बुद्धांच्या गुणांचं स्मरण) घ्यायची, आणि घेतली तर श्वासाकडे परत कधी वळायचं?