पोटगी थकली म्हणून मुलाची भेट अडवावी का?

अंगणातली
आम्ही वेगळे झालो त्याला तीन वर्षं झाली. लेक आता नऊ वर्षांची आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांच्या संमतीच्या अटी, झाल्या. ताबा माझ्याकडे, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवार-रविवारी ती बाबाकडे, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी. तिच्या खर्चाचे महिन्याला १५,००० त्याने द्यायचे.

गेल्या पावसाळ्यात त्याची नोकरी गेली. दोन महिने पैसे आले नाहीत, तिसऱ्या महिन्यात मी भेट बंद केली. "आधी पैसे, मग भेट" असा मेसेज टाकला. त्या शनिवारी सकाळी लेक गॅलरीत फोनवर बोलत होती. पायाशी भरलेली बॅग, त्यात रात्रीचे कपडे आणि बाबाला दाखवायचं चित्र गुंडाळून रबर लावलेलं. अगदी हळू आवाजात म्हणत होती, "बाबा, टाक ना पैसे. टाकलेस की आई सोडेल."

त्या दिवशी मी तिला स्वतः नेऊन सोडलं. थकलेल्या पैशांसाठी भांडावं, कोर्टात जावं, पण पोरीला वसुलीला बसवू नये, असं माझं मत झालंय. माझ्या बहिणीला हे अजिबात पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जाई_जुई
मी तुमच्या बहिणीच्या बाजूने. तुमच्या माणसाची नोकरी तरी गेली होती. ज्याची शाबूत आहे त्याचं काय? यंदा जूनमध्ये फी, बस, गणवेश, वह्या-पुस्तकं सगळं एकदम अंगावर आलं. मी बांगड्या गहाण ठेवल्या. त्याच महिन्यात हा पोराला मॉलमध्ये घेऊन गेला आणि रिमोटची मोठी गाडी देऊन परत पाठवलं. पोरगा घरी येऊन म्हणतो, बाबा किती भारी आहे, तू नुसतं नाही-नाही म्हणतेस.

कोर्टात जा म्हणणं सोपं आहे हो. तारखेला गेलं की दिवसाची रजा जाते, वकिलाचे पैसे जातात आणि हातात पुढची तारीख पडते. मी एकदाच भेट थांबवली, चौथ्या दिवशी खात्यात पैसे जमा. माझ्या हातात तेवढंच आहे, तेही सोडू म्हणता?

ठाणेकर
मी दुसऱ्या टोकाला उभा आहे. गेले अकरा महिने ५ तारखेच्या आत पैसे जातात, एकदाही चुकवलेले नाहीत. भेट मिळाली चार वेळा. कधी ताप, कधी परीक्षा, कधी मामाकडचं कार्य. शेवटची भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, एक तास. त्यातली पहिली वीस मिनिटं मुलगा टेबलाखालून बाहेर येईना. मी खाली फरशीवर बसून एकट्यानेच ठोकळे रचत राहिलो. मग एक हात आला आणि वरचा ठोकळा नीट लावून परत आत गेला.

मलाही मित्र सांगतात, पैसे थांबव म्हणजे आपोआप भेट सुरू होईल. जाई_जुई ताई, तुमचा हिशोब बरोबर धरला तर त्यांचाही बरोबरच म्हणायला हवा. मी थांबवले नाहीत. तो जेवतो त्या पैशांवर.

नाशिकचा वकील
कायद्याने पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळत नाही म्हणून दुसरी रोखता येत नाही. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने भेटीबरोबर रोजच्या फोन-व्हिडिओ कॉलचाही विचार केला, कारण दोन्ही पालकांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. त्याच वर्षीच्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं शपथपत्रावर उघड करावी लागतात, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरली जाते. थकली तर वसुलीचं वॉरंट निघतं, पगारातून वळती करून घेण्याचा आदेश मागता येतो. पोटगीचं हे कलम म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४.

मात्र "भेट कधीच अडवू नये" हेही मला मान्य नाही. दारू, मारहाण असेल तर अडवावीच लागते. पण ती कोर्टाला सांगून, देखरेखीखालची भेट मागून. परस्पर नव्हे.

आणखी एक, इथे कोणी काढलं नाही म्हणून. घराचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर घटस्फोटाच्या कागदात "हप्ते तो भरेल" असं लिहिल्याने बँक बांधली जात नाही. त्याने हप्ता चुकवला की सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर) तुमचंही बिघडतं आणि बँक पूर्ण रकमेसाठी तुमच्याकडे येऊ शकते. सही करण्याआधी बँकेत जाऊन नाव काढून घ्या. बँक नाही म्हणाली तर घर विकून कर्ज फेडण्याचं कलम घाला.

जाई_जुई
वकीलसाहेब, वॉरंट घेऊन पोलीस त्याच्या दारात गेले तर पोराला काय सांगू? तेव्हाही "आईने बाबाला पकडून दिलं" असंच होणार. भेट थांबवली तर निदान ते घरातल्या घरात राहतं.

दोन_घरं
घरातल्या घरात राहत नाही, ताई. मी आता २४ वर्षांची आहे. लहानपणी रविवारी संध्याकाळी बाबा माझ्या हातात पाकीट द्यायचे, "आईला दे." आई ते माझ्यासमोरच मोजायची. मी रिक्षात बसून बोटांनी पाकिटाची जाडी चाचपायला शिकले होते. पातळ लागलं की सोसायटीच्या गेटपाशी उगाच रेंगाळायची, चपलेचा बंद काढून पुन्हा लावायची.

आईची ओढाताण खरी होती, हे आज कळतं. तिच्यावर राग नाही. पण बाबांच्या घरून निघतानाचं आठवायला गेलं तर बाबांचा चेहरा आठवत नाही, ते पाकीट आठवतं.

अंगणातली
दोन_घरं, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. त्याला नवी नोकरी लागेपर्यंत चार महिने ७,०००, उरलेले पुढे हप्त्याने. हे तोंडी न ठेवता वकिलांकरवी लिहून कोर्टात दिलं. शाळेची फी तो परस्पर शाळेला भरतो. आमचं पैशांचं बोलणं फक्त ईमेलवर, कारण फोन लेकीच्या हातात असतो. जाई_जुई, तुमच्या माणसाला पगार असेल तर वकीलसाहेब म्हणतात तो पगारातून वळतीचा अर्ज करून बघा. त्यात पोलीसही दारात येत नाहीत आणि पोरालाही कळत नाही.

जाई_जुई
पगारातून कापतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी विचारते. तोवर भेट थांबवणार नाही असं मात्र लिहून देत नाही. बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत.