मदत हवी आहे : बालमजुरीवरचं नाटुकलं, आणि दिवाळीनंतर निम्मी पात्रंच गायब

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. बालदिनाला, १४ नोव्हेंबरला, केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, सगळ्या शाळांनी पंधरा मिनिटांचं नाटुकलं बसवायचं ठरलंय. आमच्या वाट्याला 'बालमजुरी' आली. (बालमजुरी विरोधी दिन १२ जूनला असतो, पण तेव्हा आमच्या शाळेचं कुलूपही उघडलेलं नसतं.)

मी उत्साहानं एका रात्रीत संहिता लिहिली. चहाच्या टपरीवरचा छोटू, खेकसणारा मालक, एक भली शिक्षिका, मग पोलीस येतात, शेवटी सगळे रांगेत उभे राहून घोषणा देतात. आपण सगळ्यांनी शंभर वेळा पाहिलेलं तेच.

सहावीचा वर्ग घेऊन तालमीला बसले. छोटूला जरा जास्त राबवावं म्हणून त्याच्याकडून एक मोळीही बांधून घ्यायचं सुचलं. शेजारच्या रानातून वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा आणला. मी आपली सुतळीनं बांधून दाखवतेय. पोरगा थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बाई, असं नसतंय." दोन वाढी घेतली, शेंड्याला शेंडा लावून पीळ दिला, भाऱ्याखालून काढला, वर गुडघा रोवला आणि कचकन आवळला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. कुणी हसलं नाही, टाळ्याही नाहीत. बाकीच्यांना त्यात नवल काहीच नव्हतं.

आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्याची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, आणि पोरं सोबत. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. हंगामी वसतिगृह मंजूर झालं तर काही पोरं आजीपाशी मागं राहतात, बाकीच्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि तिकडच्या शाळेत कुणीतरी बसवून घेईल अशी आशा करायची. म्हणजे १४ नोव्हेंबरला माझा छोटू खराखुरा उसाच्या फडात असणार.

त्याच तालमीत एका मुलीनं विचारलं, "बाई, कोपीवर भावाला सांभाळायचं म्हंजी बालमजुरी का?"

(कोपी म्हणजे ऊसतोडीवरची तात्पुरती झोपडी.) मला उत्तर देता आलं नाही. कायदा घरी जाऊन वाचला. १९८६चा कायदा, २०१६ची दुरुस्ती. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्यांना मदत केलेली चालते. शाळा सुटल्यावर! पाच महिने शाळाच नाही, तर ती सुटणार कधी?

तर अडचणी अशा. एक, मालक कुणाला करू? पुढच्या रांगेत आईबापच बसणार, त्यांना दुष्ट दाखवायची माझी तयारी नाही. मुकादमाला खलनायक करावं तर त्याचा मुलगा याच वर्गात ढोलकी वाजवतो. दोन, प्रयोग कधी करू? तीन, कायदा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर भाषण न करता आत कसा आणू?

टपरी आता काढून टाकलीय. बाकी कोरं आहे.

प्रतिसाद १

ताई, मी कोल्हापूरकडचा, टोळ्या येतात त्या टोकाचा. प्रयोग दसऱ्याआधी गावात करा, केंद्राचं केंद्र बघेल. ज्यांना बघायला हवं ते नोव्हेंबरला आमच्या शिवारात असतात. नोव्हेंबरला उरलेल्या पोरांकडून तेच नाटक करून घ्या, पण गेलेल्यांची पात्रं दुसऱ्या कुणाला देऊ नका. संवाद येईल तिथं तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. परीक्षकांना आधी वाटेल पोरं विसरली. वाटू द्या.

प्रतिसाद २

कायद्यापुरतं सांगतो. कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. आईवडिलांना मात्र पहिल्या वेळी शिक्षा नाही. हे पुढच्या रांगेला कळलंच पाहिजे, नाहीतर नाटक संपेपर्यंत ती माणसं घाबरून बसतील आणि पोरांना उद्यापासून तालमीला पाठवणार नाहीत. १०९८साठी भाषण कशाला, पाढा म्हणतात तसा म्हणून घ्या की. पोरं घरी जाऊनही म्हणतील.

प्रतिसाद ३

पथनाट्यं बरीच केली आहेत म्हणून आगाऊपणा करतेय. खलनायक नकोच. पहाटे कोपीतून उठल्यापासून रात्रीपर्यंतचा एक दिवस दाखवा, आणि पोरांनाच सांगू द्या कोण काय करतं. तुम्ही फक्त लिहून घ्या. रडकं संगीत घातलंत तर मी तिथं येऊन बंद करीन!

आणि त्या मुलीचा प्रश्न वाया घालवू नका. जुन्या लुगड्याचं गाठोडं करा आणि पहिल्या मिनिटापासून तिच्या कडेवर द्या. ती पाणी आणेल, भाकरी थापेल, वर्गाच्या दारातही उभी राहील, पण गाठोडं काही सुटणार नाही. त्याबद्दल नाटकात कुणी एक अक्षर बोलायचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मुख्याध्यापकांशी बोलले, दसऱ्याच्या आधीचा शनिवार पक्का, मारुतीच्या पारावर. मुकादमाच्या पोराची ढोलकी ठेवली आहे, तोच पहाटेचा कोंबडाही झालाय.

गाठोडं आज करून पाहिलं. भाकरीच्या प्रसंगात दोन्ही हात लागतात, म्हणून मीच म्हटलं, "तेवढ्यापुरतं खाली ठेव गं, कुणाला कळणार नाही." तिनं पदरानं गाठोडं पाठीला बांधून घेतलं आणि म्हणाली, "खाली ठिवलं की उठतंय, बाई."