‘सिम्पसन्स’चे हॅलोवीन भाग : तुमचा आवडता कोणता?

ऑक्टोबर लागला की आमच्या घरात हा विषय निघतोच, म्हणून म्हटलं यंदा धागाच काढू. ‘द सिम्पसन्स’, म्हणजे होमर, त्याची बायको मार्ज आणि त्यांची मुलं बार्ट, लिसा व तान्ही मॅगी यांचं अमेरिकन कार्टून, सुरू झालं डिसेंबर १९८९ मध्ये आणि त्यातला पहिला हॅलोवीन (३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण) भाग, ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’, आला २५ ऑक्टोबर १९९० ला. झाडावरच्या खोपीत बसून बार्ट आणि लिसा एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगतात, म्हणून हे नाव. तेव्हापासून दरवर्षी असा भाग येतो, बहुतेकदा तीन सुट्या गोष्टींचा. यात कोणी मेलं तरी पुढच्या आठवड्यात ते धडधाकट असतं, त्यामुळे लिहिणाऱ्यांना रान मोकळं.

माझी सर्वात लाडकी जागा म्हणजे पहिल्याच भागाची सुरुवात. मार्ज पडद्यापुढे येते आणि आईबापांना बजावते की उद्या रागाची पत्रं पाठवण्यापेक्षा आज मुलांना लवकर झोपवा. लहानपणी हे ऐकून मी सोफ्याच्या कडेला आणखी घट्ट चिकटून बसले होते!

तुम्ही कोणता भाग कधी, कोणाबरोबर पाहिलात? काय लक्षात राहिलं? सविस्तर लिहा, घाई नाही.

नाशिक, इंग्रजीची प्राध्यापिका

छान धागा. मी पहिल्या भागातली तिसरी गोष्ट दरवर्षी वर्गात दाखवते. एडगर ॲलन पो यांची १८४५ ची ‘द रेव्हन’ ही कविता घेतली आहे, थोडी कापून, पण शब्द पो यांचेच. निवेदन जेम्स अर्ल जोन्स यांचं. झुरणारा नायक होमर, दारावर येऊन बसणारा डोमकावळा बार्ट, आणि त्याची गेलेली प्रेयसी लेनोर म्हणजे तसबिरीतली मार्ज. तिचे केस इतके उंच की एका चौकटीत मावत नाहीत, वर दुसरी चौकट लावावी लागली आहे. कावळा कपाटातून होमरच्या डोक्यावर पुस्तकं टाकतो, तीही पो यांचीच.

मुलं हसतात, आणि हसता हसता कवितेचा ठेका कानात बसतो. नंतर मी मूळ कविता वाचायला घेते तेव्हा मागच्या बाकावरूनही ‘नेव्हरमोर’ हे कावळ्याचं पालुपद येतं. कवितेची थट्टा करूनही तिला हात न लावणं फार अवघड काम आहे. होमरचं दुःख तिथे खरं वाटतं, म्हणून मला हा तुकडा आजही सर्वात वरचा वाटतो. गोष्ट संपल्यावर बार्ट म्हणतो, यात भीतीदायक काहीच नव्हतं. पण रात्री झोप उडते ती चोरून ऐकणाऱ्या होमरची. आमच्या वर्गात यावर दरवर्षी चर्चा होते: घाबरायला वय लागतं का?

सोलापूर, गणित शिकवतो

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो.

१९९५ च्या सहाव्या भागात ‘होमर क्यूब्ड’ आहे. मेव्हण्यांना टाळायला होमर कपाटामागे लपतो आणि थेट त्रिमितीत जाऊन पडतो. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये तेव्हा असं संगणकी ॲनिमेशन दिसणं नवलाईचं होतं. ते पॅसिफिक डेटा इमेजेस या कंपनीने केलं होतं. पण माझा जीव अडकला मागे तरंगणाऱ्या एका समीकरणात: १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात.

फर्माच्या शेवटच्या प्रमेयानुसार (घात दोनपेक्षा मोठा असेल तर असे धन पूर्णांक सापडतच नाहीत) हे शक्यच नाही, आणि त्या प्रमेयाची अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता छापून आली तीही त्याच वर्षी. तरी दहा आकडी कॅल्क्युलेटरवर बेरीज करून बारावं मूळ काढा, उत्तर १९२२ च दिसतं! लेखक डेव्हिड कोहेन यांनी असे फसवे आकडे मुद्दाम शोधून काढले होते. मी हे फळ्यावर लिहितो आणि गप्प बसतो. कोणीतरी हात वर करतंच: सर, सम अधिक विषम म्हणजे विषम, आणि उजवीकडे तर सम आहे. नववीतल्या मुलीने हे पकडलं तेव्हा झालेला आनंद मला कशातच मिळत नाही.

एडिसन, न्यू जर्सी

सोलापूरकर, मुलीला आत्ताच करायला दिलं, वही घेऊन बसली आहे.

इथल्या लोकांना आठवत असेल, २००० नंतर बरीच वर्षं हॅलोवीनचा भाग हॅलोवीन उलटून गेल्यावर यायचा. कारण बेसबॉलची अंतिम मालिका, वर्ल्ड सीरीज, हे कार्टून दाखवणाऱ्या फॉक्स वाहिनीवरच असायची. २०१० ला ३१ ऑक्टोबरच्या रविवारी सामना होता, भाग आला ७ नोव्हेंबरला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ५ तारखेला, म्हणजे ऐन दिवाळीत. पायरीवर हॅलोवीनसाठी कोरलेला भोपळा एका बाजूने मऊ पडत चाललेला, शेजारी रांगोळी आणि पणत्या. सासूबाई तेव्हा इथे होत्या. चकली खात त्या नातवंडांबरोबर पूर्ण भाग बसून बघत होत्या, आणि मध्येच, ‘अरे, त्या बाळाला सांभाळा कुणीतरी,’ म्हणून मॅगीची काळजी करत होत्या. मुलं आता मोठी झाली, पण मॅगी दिसली की हे वाक्य अजून म्हणतात.

पुणे, ॲनिमेशनची विद्यार्थिनी

जुन्यांचं कौतुक चालू आहे, म्हणून नव्याची बाजू मांडते. २०२२ चा तेहतिसावा भाग बघा. त्यातला ‘डेथ टोम’ हा ‘डेथ नोट’ या जपानी मालिकेवर बेतलेला तुकडा पूर्ण ॲनिमे (जपानी कार्टून) शैलीत आहे. पिवळा रंग नाही, लिसाचे डोळे वेगळे, सावल्या वेगळ्या, तरी केसांच्या टोकांवरून ती पहिल्या चित्रात ओळखू येते. पात्राची बाह्यरेषा किती पक्की हवी, हे मला त्यातून कळलं.

कोल्हापूर

पाचवा भाग, १९९४. तिन्ही गोष्टींत शाळेचा माळी विली मदतीला धावतो आणि तिन्हींत पाठीत कुऱ्हाड बसते. सगळे हसतात, मला त्याचं वाईटच वाटतं. बाकी टोस्टरचं कालयंत्र मात्र अप्रतिम.

ठाणे, पूर्वी ओहायो

कँग आणि कोडोसबद्दल अजून कोणीच कसं लिहिलं नाही? हे एकडोळे परग्रहवासी पहिल्याच भागात आले आणि नंतर दरवर्षी कुठेतरी डोकावत राहिले.

१९९६ ला मी तिकडे शिकत होतो. अध्यक्षपदाची निवडणूक ५ नोव्हेंबरची आणि २७ ऑक्टोबरला सातवा भाग: दोन मुख्य पक्षांचे उमेदवार क्लिंटन आणि डोल यांची रूपं घेऊन हे दोघेच उभे राहतात. खरं रूप उघडं पडल्यावरही म्हणतात, दोनच पक्ष आहेत, आमच्यातलाच एक निवडावा लागेल. गर्दीतला एकजण म्हणतो, मी तिसऱ्याला देईन. कँग म्हणतो, खुशाल दे, मत वाया घालव. आमच्या खोलीतला एक अमेरिकन मुलगा तिसऱ्या पक्षाचे उमेदवार रॉस पेरो यांना मत देणार होता. ते वाक्य आलं आणि दुसरा त्याच्यावर तुटून पडला. टीव्ही बंद झाला तरी वाद चालूच. मला त्यांची मतपद्धत पहिल्यांदा नीट कळली ती त्या रात्री, कोणाला इलेक्टोरल कॉलेज (राज्याराज्यांच्या प्रतिनिधींमार्फत अध्यक्ष निवडण्याची पद्धत) समजवायचं तर ते माझ्याकडे वळून समजवत होते.

त्याने शेवटी पेरोंनाच मत दिलं.